नकाशा झकास, पण ‘ऑप्टिमल’चा शिक्का तपासून घ्या : नेटवर्क डिझाइन सॉफ्टवेअर, ८ महिने वापरून

आधीच सांगतो, गोडाऊन कुठे ठेवायची आणि माल कुठून कुठे पाठवायचा हे ठरवणाऱ्या या सॉफ्टवेअरचं नाव टाकणार नाहीये. एकतर आमचं लायसन्स अजून चालू आहे, आणि दुसरं म्हणजे मी खाली जे रडगाणं गाणार आहे त्यातलं बरंचसं या जातीच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला विचारण्यासारखं आहे, त्यामुळे नाव कळून तसाही फार उपयोग नाही. मार्क द्यायचे तर ५ पैकी ३. नकाशाला साडेचार, डेटा भरायच्या भागाला ३, आणि सॉल्व्हरने (म्हणजे आतल्या गणित सोडवणाऱ्या इंजिनाने) काढलेलं उत्तर ज्या थाटात आपल्यासमोर ठेवलं जातं त्याला दीड.

काम काय होतं ते थोडक्यात. ३ कारखाने, ९ चालू गोडाऊन, आणि माल पोचवायचे काही हजार पत्ते. प्रश्न नेहमीचाच, गोडाऊन किती हवीत, कुठे हवीत, आणि कुठल्या गिऱ्हाइकाला कुठून माल जायला हवा. चालू नेटवर्क असं कोणी बसून ठरवलेलं नसतंच हो, एक गोडाऊन जुन्या मॅनेजरच्या सोयीने आलेलं, एक कुठलीतरी छोटी कंपनी विकत घेतली तिच्याबरोबर गळ्यात पडलेलं, एक ‘तात्पुरतं’ म्हणून भाड्याने घेतलं ते दहा वर्षं झाली तरी तिथेच. तर हे सगळं गणिताच्या भट्टीत घालून काय निघतं ते बघू असं वरून ठरलं आणि माझ्या डोक्यावर आलं.

डेमो म्हणजे दुरून डोंगर साजरे. नकाशावर ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा, एक बटण दाबलं की अर्ध्या रेघा गायब होऊन चित्र एकदम स्वच्छ, खाली हिरव्या अक्षरात ‘ऑप्टिमल’ (म्हणजे याहून स्वस्त उत्तर नाहीच), आणि बाजूला बचतीचा आकडा. मीटिंगमधले सगळे खूश. डेमो देणारे सर सारखं ‘नवीन एआय इंजिन’ म्हणत होते, मला तेव्हाच थोडं हसू आलं कारण आतमध्ये जे चालतं ते गणित आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या वयापेक्षा जुनं आहे. कारखान्यातून माल कुठे किती पाठवायचा याचा ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेम गणितज्ञ फ्रँक हिचकॉकने १९४१ ला मांडला, असली गणितं सोडवायची डॅन्ट्झिगची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ ची, ‘उघडायचं की नाही’ असे हो-नाहीचे निर्णय सोडवायची ब्रँच अँड बाउंड पद्धत एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोघींनी १९६० ला छापली. आणि आपण करतोय तसंच अख्खं काम, म्हणजे १७ प्रकारचा माल, १४ कारखाने, ४५ संभाव्य गोडाऊन आणि १२१ गिऱ्हाइकांचे झोन, हे जॉफ्रियन आणि ग्रेव्ह्ज यांनी हंट-वेसन फूड्स या अमेरिकन कंपनीसाठी बेंडर्स डीकम्पोझिशन (मोठं गणित तुकड्यांत पाडून सोडवायची पद्धत) वापरून सोडवलं आणि १९७४ ला पेपर छापला. त्या काळच्या कम्प्युटरवर! ४५ जागांचे उघड-बंद म्हणजे २ चा ४५ वा घात, साधारण ३५ लाख कोटी कॉम्बिनेशन. त्यामुळे एआय बिआय बोला खुशाल, पण मला काळजी होती ती इंजिनाची नव्हे, टाकीत काय भरायचं त्याची.

आणि टाकी भरायचं कामच सगळ्यात जास्त खातं. आमचे तीन महिने त्यात गेले, डेमोत या भागाला दोन मिनिटं होती. पत्त्यांवरून अक्षांश-रेखांश काढायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि चालते बरी, पण जो पत्ता सापडला नाही तिथे गपचूप ०,० टाकते. आता ०,० म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला भर समुद्रात. पहिल्या रनमध्ये आमची डझनभर गिऱ्हाइकं गिनीच्या आखातात पोहत होती आणि सॉफ्टवेअर इमानदारीत त्यांना माल पोचवायचा हिशोब करत होतं. हे नकाशा झूम आउट केला म्हणून दिसलं, नाहीतर एररबिरर काही नाही. एक लाल रेघ तरी मारायची रे बाबा.

तिथेच एक ‘सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी’ नावाचं बटण आहे, गिऱ्हाइकांच्या मधोमध गोडाऊन कुठे येईल ते दाखवतं. मॅनेजर लोकांना हे फार आवडतं, पण जपून. मागणीचं वजन धरून जागांची सरासरी काढली की जो बिंदू येतो तो अंतरांच्या वर्गांची बेरीज कमी करतो, अंतराची नाही, आणि ट्रकवाला भाडं अंतराचं घेतो, अंतराच्या वर्गाचं नाही. उदाहरण घ्या, सारख्याच मागणीची तीन दुकानं एकाच ठिकाणी आणि चौथं १०० किमी लांब. सरासरी म्हणते गोडाऊन २५ किमीवर टाका, एकूण अंतर तीन गुणिले २५ अधिक ७५, म्हणजे १५०. तेच गोडाऊन त्या तीन दुकानांपाशीच ठेवलं तर एकूण फक्त १००. खरा बिंदू काढायची पद्धत वाइझफेल्डने १९३७ मध्येच दिलेली आहे, अगदी चार ओळींची पद्धत आहे, ती का नाही टाकली देव जाणे. शिवाय तो बिंदू तळ्यात येतो का डोंगरात हे बटणाला माहीत नसतं. आम्ही ते बटण विसरून जाऊन सरळ २८ जागांची यादी केली, ९ चालू आणि १९ नवीन, जिथे खरंच जागा भाड्याने मिळू शकते अशा. तुम्हीही हेच करा.

गिऱ्हाइकांचे हजारो पत्ते तसेच्या तसे टाकायची गरज नसते, जवळजवळचे एकत्र करून झोन करायचे, आम्ही १९० केले. सॉफ्टवेअर हे आपोआप करून देतं आणि छान करून देतं, पूर्ण मार्क. यातच पुढे एक गंमत झाली ती नंतर सांगतो.

अंतराचा हिशोब दोन प्रकारे मिळतो, सरळ रेषेचं अंतर गुणिले एक फॅक्टर, किंवा खरं रस्त्याचं अंतर. फॅक्टर साधारण १.२ ते १.४ च्या मध्ये ठेवतात आणि सपाट प्रदेशात तो चालूनही जातो. पण मध्ये खाडी असेल, घाट असेल, पूल एकच असेल, तर तो फॅक्टर तुम्हाला बिनदिक्कत पाण्यावरून ट्रक चालवायला लावतो. रस्त्याचं अंतर हवं असेल तर त्याचे क्रेडिट वेगळे विकत घ्यावे लागतात, हे अर्थात डेमोत कोणी बोललं नाही. आम्ही ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा घेऊन ओएसआरएम (रस्त्याची अंतरं काढणारं फुकटचं सॉफ्टवेअर) आपल्याच मशीनवर बसवलं, २८ गुणिले १९० म्हणजे ५,३२० अंतरं, तयारी झाल्यावर काढायला काहीच वेळ लागला नाही, आणि फाइल अपलोड केली. ते घेतं, तक्रार करत नाही.

भाडं मात्र सगळ्यात नाजूक. सॉफ्टवेअरमध्ये डिफॉल्ट आहे टन-किलोमीटरला इतकं. आता विचार करा, ट्रक १० टनाचा, आणि एका आडबाजूच्या झोनला आठवड्याला माल लागतो ३ टन. मॉडेल (म्हणजे सॉफ्टवेअरने मांडलेलं आपल्या नेटवर्कचं गणित) ३ टनाचं भाडं लावून मोकळं होतं. प्रत्यक्षात एकतर ट्रान्सपोर्टर पूर्ण गाडीचे पैसे घेतो, नाहीतर दुसऱ्याच्या मालाबरोबर पार्ट लोड जातो त्याचा दर वेगळाच, नाहीतर तीन आठवडे थांबून गाडी भरायची आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या खायच्या. या तिन्हीतलं काहीच मॉडेलला माहीत नाही. परिणाम असा की मॉडेल गोडाऊन वाढवत सुटतं, कारण त्याच्या लेखी माल लहान लहान तुकडे करून वाटायला जास्तीचं काहीच लागत नाही. उपाय आहे पण तो सॉफ्टवेअरच्या बाहेर, प्रत्येक लेनवर (गोडाऊन ते झोन असा एक मार्ग) सरासरी किती मोठी शिपमेंट जाते ते जुन्या बिलांवरून काढायचं, त्यावरून त्या लेनचा खरा पडणारा दर ठरवायचा, आणि मग तो दर टेबलात टाकायचा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे वाक्य मी त्या तीन महिन्यांत इतक्या वेळा म्हटलं की टीममधल्या पोरांनी ते व्हाइटबोर्डवर लिहून ठेवलं.

इथे सॉफ्टवेअरची एक गोष्ट मात्र मनापासून आवडली, बेसलाइन. म्हणजे काय तर ऑप्टिमाइझ करायच्या आधी आत्ता जसा माल जातोय तसाच मॉडेलमध्ये जबरदस्तीने पाठवायचा आणि मॉडेलचा खर्च अकाउंट्सच्या खर्चाशी लावून बघायचा. हे केल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढच्या स्क्रीनवर जाऊच देत नाही. सुरुवातीला चिडचिड झाली, पण आमचा मॉडेलचा आकडा खऱ्यापेक्षा ११ टक्के कमी आला तेव्हा डोळे उघडले. शोधलं तर वर सांगितलेला छोट्या शिपमेंटचा घोळ, रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांचे पैसे, आणि एका गोडाऊनचा हमालीचा खर्च भलत्याच खात्यात टाकलेला. बेसलाइन न जुळवता पुढे गेलो असतो तर ‘बचत’ म्हणून जी दाखवली असती तिच्यातली बरीचशी म्हणजे आमचीच हिशोबातली चूक. ज्या कोणी ही सक्ती डिझाइन केली त्यांना माझ्याकडून वेगळा नमस्कार.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी दीड मार्क दिलेत.

आम्ही दोन सिनॅरिओ, म्हणजे वेगवेगळे पर्याय धरून दोन हिशोब, चालवले. पहिल्यात २२ जागा दिल्या, दुसऱ्यात त्याच २२ आणि वर ६ नवीन, बाकी सगळं सेम टू सेम. दोन्हीवर हिरवा ‘ऑप्टिमल’ शिक्का. आणि दुसरा सिनॅरिओ पहिल्यापेक्षा ०.४ टक्क्याने महाग! मी परत परत बघितलं. हे होऊच शकत नाही ना, कारण दुसऱ्याला पहिल्याचं उत्तर जसंच्या तसं वापरायची मुभा आहे, नवीन ६ जागा बंद ठेव आणि तेच उत्तर दे, काम झालं. जास्त पर्याय देऊन खर्च वाढत नसतो, फार तर तेवढाच राहील. म्हणजे दोन्हींपैकी निदान एक तरी उत्तर ऑप्टिमल नाही, आणि शिक्का मात्र दोघांवर.

सपोर्टला लिहिलं. पहिलं उत्तर आलं, ‘सर, कृपया ब्राउझरचा कॅशे क्लियर करून पहा.’ बरं. दुसऱ्या मेलला एका मॅडमनी नीट बघितलं, त्यांचं खरंच कौतुक, आणि लॉग फाइल पाठवली. लॉगमध्ये दिसलं की सॉल्व्हर १ टक्का गॅपवर थांबतो. हे सेटिंग नेहमीच्या स्क्रीनवर कुठेही नाही, ॲडमिनच्या एका कोपऱ्यात आहे.

गॅप म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सॉल्व्हरकडे कुठल्याही क्षणी दोन आकडे असतात, एक आतापर्यंत सापडलेलं सगळ्यात स्वस्त उत्तर, आणि दुसरा असा आकडा की याच्या खाली खर्च जाणं शक्यच नाही हे त्याने सिद्ध केलंय. खरं सगळ्यात चांगलं उत्तर या दोघांच्या मध्ये कुठेतरी. दोन्ही आकडे जवळ येत जातात, मधलं अंतर म्हणजे गॅप. पहिलं चांगलं उत्तर पटकन मिळतं, शेवटचा टक्का-अर्धा टक्का सिद्ध करायलाच जास्त वेळ जातो, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असला प्रकार. म्हणून १ टक्क्यावर थांबणं यात मुळात गुन्हा काही नाही, ज्याच्या मागणीच्या अंदाजातच १०-१५ टक्के चूक आहे त्याने ०.०१ टक्क्यासाठी रात्रभर मशीन का तापवावं. गुन्हा असा की गॅप १ टक्का ठेवायचा, दोन सिनॅरिओमधला फरक ०.४ टक्का दाखवायचा, आणि वर ‘सिनॅरिओ एक बेस्ट’ म्हणून तिथे चषकाचं चित्र लावायचं. वजनकाटा एक किलो इकडेतिकडे होतो आणि तुम्ही त्यावर चारशे ग्रॅमचा फरक मोजून भांडताय. निदान प्रत्येक आकड्याशेजारी गॅप छापा, इतकीच मागणी होती.

मॅडमना म्हटलं मॉडेलची एमपीएस फाइल (सगळी समीकरणं लिहिलेली) काढून द्या, त्यांनी दिली (हे बटण पण नाही, मागावंच लागतं). ती उघडून बघितली आणि दुसरी गोष्ट कळली. गोडाऊन उघडलं नसेल तर तिथून माल जाऊ नये, हा नियम दोन पद्धतीने लिहिता येतो. एक आळशी पद्धत, गोडाऊनमागे एकच ओळ, की तिथून जाणारा एकूण माल हा क्षमता गुणिले उघड-बंद याच्यापेक्षा जास्त नको. २८ ओळीत काम संपलं. दुसरी पद्धत, प्रत्येक गोडाऊन-झोन जोडीची वेगळी ओळ, म्हणजे ५,३२० ओळी आणखी. कागदावर दोन्हींचा अर्थ एकच, त्यामुळे वाटेल की कमी ओळी बऱ्या. उलटं आहे! सॉल्व्हर आधी उघड-बंद हे ० किंवा १ असण्याची अट सैल करून सोडवतो, आणि आळशी पद्धतीत त्याला पळवाट मिळते, क्षमतेच्या ७ टक्केच माल हवाय ना, मग ०.०७ गोडाऊन उघडतो आणि भाड्याचे पण ७ टक्केच भरतो. ०.०७ गोडाऊन म्हणजे काय, एक शटर आणि अर्धा वॉचमन? जोडीवाल्या ओळी टाकल्या की ही पळवाट बऱ्यापैकी बंद होते, एखाद्या झोनचा सगळा माल तिथूनच जात असेल तर गोडाऊन पूर्णच उघडावं लागतं, आणि खालचा सिद्ध आकडा एकदम वर येतो, गॅप लहान होतो. क्षमतेची भानगड नसेल तर बऱ्याचदा अट सैल करूनही उत्तर पूर्णांकातच पडतं. आता चांगले सॉल्व्हर यातलं काही आपलं आपण ओळखून अशा ओळी घालतात हे मान्य, पण सगळं त्यांच्यावर कशाला सोडायचं. आमच्या फाइलमध्ये २८ च ओळी होत्या.

मग एका शनिवारी बसून तेच मॉडेल पायथनमध्ये पल्प (असली मॉडेलं लिहायची लायब्ररी) वापरून लिहिलं. पल्प फुकट आहे, त्याच्याबरोबर सीबीसी सॉल्व्हर आपोआप येतो, आणि मी हायस हा दुसरा सॉल्व्हर जोडला, तो पण फुकट, एडिनबरा युनिव्हर्सिटीतून आलेला, एमआयटी लायसन्सवाला. दीडशेच्या आसपास ओळींचा कोड झाला, त्यातला निम्मा एक्सेल वाचण्याचा. जोडीवाल्या ओळी टाकल्या, गॅप ०.०१ टक्का ठेवला, आणि साध्या लॅपटॉपवर चहा गार व्हायच्या आत उत्तर. (आमचं मॉडेल छोटं आहे हे लक्षात ठेवा, एका मालाच्या गटाचं, एका वर्षाचं. ५० मालाचे गट, १२ महिने, प्रत्येक झोनला एकाच गोडाऊनमधून माल अशी अट, हे सगळं एकदम टाकलं तर फुकटचे सॉल्व्हर धापा टाकतात आणि तिथे गुरोबी, सीप्लेक्स असल्या विकतच्या सॉल्व्हरचा पैसा वसूल होतो.) दोन्ही सिनॅरिओ परत चालवले, २८ वाला २२ वाल्यापेक्षा किंचित स्वस्त, जसं असायला हवं तसं.

हे जमल्यावर हाव सुटली आणि जे सॉफ्टवेअर देतच नाही ते मागितलं, दुसरा नंबर. म्हणजे बेस्ट उत्तर मिळालं ना, आता एक ओळ वाढवायची, की या उत्तरापेक्षा निदान दोन जागांचा निर्णय वेगळा हवा. परत सोडवायचं. मग तिसरा, मग चौथा. असे पाच काढले. पाचही पहिल्याच्या १ टक्क्याच्या आत! एकात ६ गोडाऊन, एकात ५, एकात ७. आणि पाचही समोरासमोर ठेवले तर ४ जागा प्रत्येकात होत्या.

माझ्या मते या आठ महिन्यांत पदरात पडलेली सगळ्यात मोलाची गोष्ट ही. गोडाऊन वाढवले की शेवटच्या टप्प्याचं भाडं कमी होतं आणि जागेचा, माणसांचा, स्टॉकचा खर्च वाढतो, दोघांची बेरीज केली की मध्ये कुठेतरी तळ येतो, पण तो तळ वाटीसारखा नसतो, परातीसारखा असतो, लांबलचक सपाट. ५ घ्या नाहीतर ७, खर्चात नखभर फरक. सॉफ्टवेअर त्या परातीतला एक बिंदू उचलून हिरवा शिक्का मारून देतं आणि आपल्याला वाटतं हेच ब्रह्मवाक्य. आमच्याकडे पहिल्या रिपोर्टवरून खरंच भांडण झालं होतं, ऑपरेशन्सचे साहेब म्हणाले, ‘अहो, हे गोडाऊन बंद करायला सांगतंय तुमचं मशीन, तिथली टीम सगळ्यात भारी आहे माझी,’ आणि फायनान्सवाले स्क्रीन दाखवून म्हणत होते ऑप्टिमल आहे, ऑप्टिमलवर बोलायचं नाही. पाच उत्तरांचा कागद ठेवल्यावर भांडण दहा मिनिटांत संपलं. चार जागा सगळ्यांना मान्य, कारण काहीही केलं तरी त्या येतातच. उरलेल्या जागांवर साहेबांची टीम, लीज कधी संपतंय, रस्त्याचं काम, असं मॉडेलला न कळणारं सगळं बोलून ठरवलं. ते गोडाऊन ठेवलं. किंमत मोजली, बेस्टपेक्षा ०.३ टक्के जास्त, आणि ती माहीत असताना मोजली.

प्रॉक्टर अँड गॅम्बलने नव्वदच्या दशकात उत्तर अमेरिकेतलं नेटवर्क असंच बदललं होतं, त्यावरचा १९९७ चा पेपर कोणीही वाचावा असा आहे. आत बघाल तर राक्षसी एक मॉडेल नाही, काम तुकड्यांत पाडलेलं, साधं ट्रान्सपोर्टेशन मॉडेल, त्याला जोडलेला नकाशा, आणि समोर बसलेली माणसं जी पर्याय बदलून बदलून बघतायत. कारखाने जवळपास २० टक्क्यांनी कमी झाले आणि वर्षाला २० कोटी डॉलरपेक्षा जास्त बचत झाली असं त्यात दिलंय. पेपरच्या नावातच जजमेंट हा शब्द आहे.

स्टॉकचा खर्च. इथे सॉफ्टवेअर निव्वळ थाप मारतं. प्रति टन साठवणीचा एक ठरलेला दर घेतं, गोडाऊन दोन असोत की वीस. खरं तर मागणी जितक्या तुकड्यांत विभागाल तितका सेफ्टी स्टॉक (मागणी अचानक वाढली तर म्हणून ठेवलेला जादा माल) फुगतो, वर्गमुळाचा नियम म्हणतात त्याला. भागाभागांची मागणी एकसारखी आणि एकमेकींपासून स्वतंत्र धरली तर ९ गोडाऊनचे ४ केल्यावर सेफ्टी स्टॉक ३ वरून २ वर येतो, म्हणजे एक तृतीयांश कमी. आता वर्गमूळ सरळ रेषेच्या गणितात बसत नाही हे खरं, पण ‘एकूण ४ गोडाऊन असतील तर इतका, ५ असतील तर इतका’ अशा पायऱ्या करून टाकता येतं की, मी पल्पमध्ये टाकलं. फरक पडतो, एक गोडाऊन आपोआप गळालं.

आणि आता ती झोनची गंमत. एका झोनला एकाच गोडाऊनमधून माल, ही अट टाकली आणि स्क्रीनवर आलं ‘इनफिजिबल’, म्हणजे सगळ्या अटी पाळणारं उत्तरच नाही. बस, एवढंच. का, कुठली अट, कुठला झोन, काही नाही. दोन दिवस अटी एकेक काढून बघितल्या. शेवटी कळलं की पत्ते एकत्र करताना एका दाट वस्तीच्या भागाचा इतका मोठा झोन झाला की त्याची एकट्याची मागणी कुठल्याही एका गोडाऊनच्या क्षमतेपेक्षा जास्त. म्हणजे ज्या ऑटोमॅटिक झोनला मी वर पूर्ण मार्क दिले त्यानेच खोडा घातला. झोनचे दोन तुकडे केले, संपलं. पल्पमध्ये मी आता पहिल्यापासूनच प्रत्येक झोनला एक ‘माल नाही पोचला’ असा व्हेरिएबल ठेवतो, त्याला जबर दंड लावतो, मग मॉडेल कधी अडून बसत नाही, उलट बोट दाखवून सांगतं की या झोनला इतका माल कमी पडतोय. कुठलंही पैसे घेणारं सॉफ्टवेअर हे करू शकतं.

मग घ्यावं का? टीममध्ये कोड लिहिणारं कोणी नसेल, आणि वरच्यांना नकाशा दाखवल्याशिवाय काही पटत नसेल, तर घ्या, नकाशा खरंच अप्रतिम आहे, एखादा झोन माउसने धरून दुसऱ्या गोडाऊनवर टाकला की खर्च तिथल्या तिथे बदलतो, मीटिंगमध्ये याच्यासारखं हत्यार नाही. पण घ्यायच्या आधी डेमोतच तीन गोष्टी करायला लावा, गॅप कुठे दिसतो ते दाखवा म्हणावं, मुद्दाम एक अशक्य अट टाकून काय मेसेज येतो ते बघा, आणि पर्याय वाढवून खर्च वाढतो का तपासा. सही त्याच्यानंतर. लायसन्स युजरमागे आहे आणि सिनॅरिओची संख्या पण मोजतात, त्यामुळे मागणी २० टक्के वाढली तर, डिझेल वाढलं तर, एक गोडाऊन महिनाभर बंद पडलं तर, असे पन्नास रन करायला गेलात की कोटा संपतो, आणि नेमके तेच रन सगळ्यात कामाचे असतात.

सध्या आम्ही डेटा साफ करणं, बेसलाइन आणि नकाशा यांसाठी सॉफ्टवेअर वापरतो, सोडवायचं काम पल्प-हायसवर, आणि उत्तर परत अपलोड करून चित्र काढतो. रिन्यूअल चार महिन्यांवर आलंय. ‘दुसरं, तिसरं उत्तर दाखवायची सोय द्या’ म्हणून टाकलेलं तिकीट अजून ‘अंडर रिव्ह्यू’ दाखवतंय, त्याखाली कोणीतरी विचारलंय की सर, ऑप्टिमल उत्तर असताना दुसऱ्या नंबरचं कशाला हवंय.